डब्यातली शिट्टी

कागदोपत्री त्या यंत्राला लांबलचक नाव होतं. पण ते होतं जेवणाच्या डब्याएवढं आणि वर उचलायला कडी, मग लोक काय म्हणणार? सगळा कारखाना त्याला डबाच म्हणायचा. ताईला ते मुळीच खपायचं नाही. "डबा तुमच्या घरी! हे यंत्र आहे," असं ती फणकाऱ्याने म्हणायची, आणि पाच मिनिटांनी स्वतःच ओरडायची, "अरे, माझा डबा कुणी हलवला?"

ताई म्हणजे वरच्या मजल्यावरची इलेक्ट्रॉनिक्सची मुख्य इंजिनियर. खाली लेथ आणि ड्रिल मशिनं, मध्ये लोखंडी जिना, वर तिची खोली. या कारखान्यात मोजायची यंत्रं बनत. ताप मोजायची, रक्तदाब मोजायची, पाण्यातला क्षार, हवेतली धूळ, जे म्हणाल ते. सोल्डरिंग आयर्न आणि ताई, दोन्ही सकाळी आल्याबरोबर तापतात, असं खालचे लोक म्हणायचे. तिच्या तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती. आणि बोलायला लागली की थांबायची नाही. सर्किटशीसुद्धा बोलायची. "काय रे बाबा, काल तर चांगला होतास, आज काय झालं?" असं.

आता या डब्यात काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. आपल्याला वाटतं, कान म्हणजे भोक. आवाज आत गेला, ऐकू आला, संपलं. अहो, तसं नाही ते! कानाच्या आत, पार खोल, गोगलगाईच्या शंखासारखी एक वळणावळणाची नळी असते. तिच्यात केसाहूनही बारीक तंतू असतात. आवाज आला की ते नाचतात, आणि नाचता नाचता स्वतःच इवलासा आवाज करतात. तो उलटा बाहेर येतो. म्हणजे धडधाकट कानात हळूच 'टक' असं म्हटलं, की कान परत 'टक' म्हणतो! इतकं हळू, की कुणाला ऐकू जात नाही, ज्याचा कान त्यालाही नाही. पण डब्याला जायचं. डब्यातून एक वायर निघायची, तिच्या टोकाला वाटाण्याएवढी रबरी टोपी. टोपीत एक बोलणारा आणि एक ऐकणारा, म्हणजे स्पीकर आणि माइक. टोपी कानात बसवायची, 'टक' पाठवायचं, आणि उत्तराची वाट बघायची. उत्तर आलं तर कान जिवंत. नाही आलं तर आत काहीतरी बिनसलंय. काल जन्मलेल्या, गाढ झोपलेल्या पोराला न उठवता विचारता येतं, बाळा, तुला ऐकू येतं का? आणि त्याचा कान स्वतः सांगतो.

पहिल्यांदा आपल्याच कानाचं उत्तर पडद्यावर उमटलेलं पाहिलं तेव्हा ताईसारखी ताई गप्प झाली होती. तिने हळूच कानाच्या पाळीला हात लावला आणि म्हणाली, "तू बोलतोस होय?" त्या दिवशी तिने कुणावरच आवाज चढवला नाही.

हे यंत्र तिने का काढलं, ते कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तिची धाकटी बहीण जन्मापासून बहिरी. आणि घरात ते कळलं कधी, तर पोरगी चार वर्षांची झाल्यावर. तोवर आई म्हणायची, हट्टी आहे, हाक मारली की मुद्दाम बघत नाही. डॉक्टर म्हणायचे, बोलेल हो, काही मुलं उशिराच बोलतात. चार वर्षं त्या लेकराशी कुणी धड बोललंच नाही, कारण सगळे तिच्या कानाशी बोलत होते. पुढे शाळेत ती हातांनी बोलायला शिकली, तिच्यामागे ताईही शिकली, आणि मग धाकटीने जी सुरुवात केली ती विचारू नका. ताईला तोडीस तोड. आता तिचं स्वतःचं शिवणाचं दुकान होतं, नवरा होता, आणि पोटात बाळ होतं. दिवस भरत आले होते.

"ऐकू येवो नाहीतर न येवो," तिने ताईला बजावलं होतं. "त्याचं मी बघून घेईन. पण मला लगेच कळलं पाहिजे. आईसारखी वाट बघत बसणार नाही मी. त्याला ऐकू येत नसेल तर पहिल्या दिवसापासून हातांनी बोलेन, आणि येत असेल तर तुझ्यासारखी एखादी बडबडी त्याच्या उशाशी बसवेन." हे सगळं अर्थात हातांनी. धाकटीचं पुढचं जे बोलणं येईल, तेही हातांचंच समजा.

ताईने शब्द दिला होता. शहरातल्या प्रसूतिगृहाने डबा वापरून बघायची तयारी दाखवली होती. सगळं जमून आलं होतं.

मग प्रसूतिगृहासाठी म्हणून ताईने टोपीत आधीच्याहून नाजूक माइक बसवला, आणि डबा शिट्टी वाजवायला लागला.

खरीखुरी शिट्टी नव्हे, ऐकू येणारी तर नव्हेच. पण 'टक' पाठवायच्या आधी, काहीच पाठवत नसताना, पडदा सपाट असायला हवा. त्याला ते लोक शून्य लावणं म्हणत. वजन करायच्या आधी रिकामा काटा शून्यावर आणतात ना, तसंच. तर शून्य लावताना पडद्यावर एकाच जागी एक बारीक उभी रेघ यायची. सुईसारखी सरळ. म्हणजे कुठूनतरी एक अगदी नाजूक सूर, न थांबता, चालूच. सकाळी जरा खाली, दुपारी किंचित वर, पण आहेच.

ताईने जिवाचं रान केलं. पॉवर सप्लाय बदलला. वायरी बदलल्या. सगळा डबा तांब्याच्या पत्र्यात गुंडाळला. खोलीतले दिवे घालवून पाहिलं, पंखा बंद करून पाहिलं, लिफ्ट बंद करायला लावून वॉचमनच्या शिव्या खाल्ल्या. लेथवाल्या काकांकडून त्या रबरी टोपीच्या आतला भाग पुन्हा पुन्हा करून घेतला. काका म्हणजे खालच्या मजल्यावरचे सगळ्यात जुने कारागीर, शांत माणूस. शेवटी तेही म्हणाले, "ताई, याहून बारीक भोक पाडायचं तर मला आता डासाची सोंड आणून दे."

त्यांनीच एक स्टीलची पोकळ नळी करून दिली होती, खोटा कान म्हणून. तिच्यात टोपी बसवली की शिट्टी गायब! पण ताईने त्याचं कारण शोधून ठेवलं होतं. स्टील कडक, कान मऊ. मऊ जागेत बसवलं की स्पीकर आणि माइक एकमेकांना ऐकतात आणि आपापसात घुमायला लागतात. सभागृहातला माइक कधीकधी किंचाळतो ना, तसं. कारण इतकं पटण्यासारखं होतं, की सगळ्यांना पटलं. शिकलेल्या माणसांचं हे असं असतं बघा. चुकीचं कारण चांगलं सांगता आलं, की खरं शोधायची गरजच वाटत नाही.

मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं. साहेब म्हणजे कारखान्याचे मालक, आवाज न चढवता बोलणारे, आणि म्हणूनच त्यांचं बोलणं लागायचं.

"यंत्र स्वतःच सूर काढत असेल ताई, तर उद्या एखाद्या बहिऱ्या बाळाच्या कानात ते स्वतःचाच सूर ऐकेल, आणि म्हणेल, कान उत्तम आहे."

"ठाऊक आहे मला."

"मग ते घरी जातील. खुशीत. आणि पुढची तीनचार वर्षं त्या पोराला हट्टी म्हणतील."

हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं. पण साहेब खरं तेच बोलत होते.

"सोमवारपर्यंत शिट्टी गेली तर डबा प्रसूतिगृहात जाईल," साहेब म्हणाले. "नाहीतर मी हे काम थांबवतोय. मला खोटं बोलणारं यंत्र विकायचं नाही."

शुक्रवारी दुपारी ताई डोकं धरून बसली होती. टेबलावर डबा उघडा, आतडी बाहेर काढल्यासारख्या वायरी, आणि स्वतःच्या उजव्या कानात टोपी. पडद्यावर ती रेघ, हसत असल्यासारखी उभी.

दार ढकलून धाकटी आत आली. दवाखान्यातून तपासून घेऊन परत जाताना ती वाट वाकडी करून आली होती. पोट सांभाळत खुर्चीत बसली, चपला काढल्या, सुजलेले पाय समोरच्या खोक्यावर टाकले आणि ताईच्या तोंडाकडे बघितलं.

"कोण मेलं?"

"माझा डबा." ताईने हातांनी सगळं सांगितलं. हातांनी बोलतानाही तिचं तोंड बंद नव्हतंच. "सोमवारी सगळं संपणार. तुला शब्द दिला होता मी."

धाकटी उठून पडद्यापाशी गेली. शिंपिणीचे डोळे, बारीक गोष्ट पटकन धरतात. तिने त्या रेघेवर बोट ठेवलं. "ही का ती शिट्टी?"

"हीच ती अवदसा."

"मग माझ्या कानात घालून बघ."

ताईने मान हलवली. "नाही चालत. नियम आहे."

आणि नियम खरंच होता. कारखाना काढला तेव्हापासूनचा. नवीन यंत्राचं पहिलं माप ते करणाऱ्याच्या अंगावरच घ्यायचं, आणि शून्य लागत नाही तोवर दुसऱ्या कुणाच्या अंगाला यंत्र लावायचं नाही. रक्तदाबाचं यंत्र करणाऱ्याने पहिला पट्टा आपल्याच दंडाला आवळायचा. थर्मामीटर करणाऱ्याने आपल्याच जिभेखाली धरायचा. आपण केलेल्या चुकीचा पहिला त्रास आपल्याला व्हावा, दुसऱ्याला नाही, असा त्यामागचा विचार. सगळ्यांना त्या नियमाचा अभिमान होता. तो मोडायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यामुळे डब्याचं शून्य लावून बघायचं ते कायम ताईच्या कानात, आणि ताईच्या कानाशिवाय दुसरा जिवंत कान डब्याने पाहिलाच नव्हता.

"नियम काय आहे?" धाकटीने विचारलं.

"दुसऱ्या कुणाला लावायचं नाही."

धाकटीने भुवया उंचावल्या. "मी काय दुसरी आहे?"

ताईने आपल्या कानातली टोपी काढली, नवीन रबर चढवलं, आणि बहिणीचे केस मागे सारून तिच्या कानात बसवली.

पडदा सपाट झाला.

ताईने आधी वायर हलवून पाहिली. सुटली असेल. नव्हती सुटली. तिने 'टक' पाठवलं. 'टक' व्यवस्थित गेलं, पडद्यावर दिसलं, आणि त्यानंतर काही नाही. काहीच नाही. दिवे चालू, पंखा चालू, खाली लेथ घरघरतंय, आणि पडदा मात्र पहाटेच्या तळ्यासारखा शांत. कान मऊ होता, जिवंत माणसाचा होता, तरी काहीही घुमत नव्हतं.

तिने टोपी काढून स्वतःच्या कानात घातली. रेघ हजर. धाकटीच्या कानात. रेघ गायब. पुन्हा स्वतःच्या. हजर.

"काका!" ताई जिन्यावरून अशी ओरडली की खालची दोन मशिनं थांबली. लेथवाले काका हात पुसत धावत वर आले. त्यांना काही न विचारता तिने त्यांना खुर्चीत दाबून बसवलं आणि टोपी कानात कोंबली. नियम गेला खड्ड्यात. काकांच्या वेळीही पडदा सपाट. 'टक' पाठवलं, तर काकांच्या कानाने छान उत्तर दिलं. म्हातारा कान जरा हळू बोलला, पण बोलला. शिट्टी नाही.

ताईने टोपी काढून हातात घेतली.

शिट्टी डब्यात नव्हतीच. कधीच नव्हती. ती तिच्या कानात होती. तिच्या स्वतःच्या डोक्यात, त्या वळणावळणाच्या नळीत, कुणी 'टक' म्हणो न म्हणो, एक सूर आपला वाजत होता. आजार नाही, बिघाड नाही. पुढे प्रसूतिगृहातल्या कानाच्या डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या, की काही चांगल्या कानांना ही खोडच असते, कारण नसताना गुणगुणायची. पण त्या क्षणी ताईला हे कुठलं ठाऊक? तिला एवढंच कळत होतं, की आपण जन्मलो तेव्हापासून हा सूर वाजतोय. शाळेत, परीक्षेत, आई गेली त्या दिवशी, झोपेत, रागाने ओरडत असताना. कधी थांबला नाही, आणि आपल्याला कधी ऐकू आला नाही. सगळ्या कारखान्यात सगळ्यात शांत जागा म्हणून आपण आपला कान धरला, आणि त्याच्या सुरापायी एका शहाण्या यंत्राला खोटारडं ठरवत होतो.

"देवा रे," ती म्हणाली, आणि मग रडायलाच लागली.

धाकटीने तिच्या खांद्यावर टपली मारली. "काय झालं? मला सांग तरी!"

ताईने डोळे पुसत सांगितलं. सांगता सांगता थांबली. कारण आता तिला दुसरी गोष्ट दिसली होती. सपाट पडदा. तिच्या बहिणीचा कान. डब्याने त्याला विचारलं होतं, आणि खरं तेच सांगितलं होतं.

धाकटीलाही ते कळलं. मग तिचे हात सावकाश हलले.

"म्हणजे याला कळलं, मला ऐकू येत नाही ते."

"हो."

"लगेच?"

"लगेच."

"आईला चार वर्षं लागली, आणि तुझ्या डब्याला..." तिने चुटकी वाजवली. तिला ती कधी ऐकू आली नव्हती, पण वाजवायची फार सुरेख. मग ती हसली, आणि डोळे भरून आलेले असताना म्हणाली, "मला हा तेव्हा हवा होता गं."

काकांना हातांची भाषा येत नव्हती, पण ते मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागले.

सोमवारी साहेबांनी स्वतःचा कान पुढे केला, मग हिशेबनिसांचा, मग वॉचमनचा. डबा एकदाही खोटं बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो प्रसूतिगृहात गेला.

आणि त्याच आठवड्यात धाकटी बाळंत झाली. मुलगा. काळंभोर जावळ, मुठी घट्ट मिटलेल्या, चेहऱ्यावर कुणीतरी फसवल्यासारखा राग. हा अगदी तुझ्यावर गेलाय, असं धाकटीने ताईला लगेच सांगून टाकलं.

बाळ झोपल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ताईने डबा पलंगापाशी आणला. दोनदा तपासलेली वायर तिने तिसऱ्यांदा तपासली. धाकटीचा नवरा दाराशी येरझारा घालत होता. शांत होती ती एकटी धाकटी. उशीला टेकून बसली होती, डोळे पडद्यावर.

ताईने सगळ्यात लहान टोपी निवडली आणि बाळाच्या कानात अलगद बसवली. 'टक' अजून पाठवायचं होतं. आधी शून्य.

पडद्यावर एक बारीक उभी रेघ आली.

जागा थोडी वरची होती, पण रेघ तशीच, सुईसारखी. परत आली अवदसा! म्हणजे डब्यातच काहीतरी आहे. म्हणजे आपण स्वतःची फसवणूक करून घेतली, साहेबांना फसवलं, आणि आता हे पोर... "थांब," ती म्हणाली, तोंडाने आणि हातांनी दोन्ही. "यावर विश्वास ठेवू नकोस. यंत्र बिघडलंय. ही शिट्टी डब्याची आहे, कदाचित..."

धाकटीने तिला पुढे बोलू दिलं नाही. तिने हात पुढे करून बाळाच्या कानातली टोपी हळूच काढली. ताईने केलेलं पाहिलं होतं तसंच रबर बदललं. आणि टोपी स्वतःच्या कानात बसवली.

पडदा सपाट झाला.

कानात टोपी, मांडीवर लेकरू. तिच्या त्या शांत कानाइतका खरा साक्षीदार दुसरा कुठे मिळणार होता? मग तिने टोपी ताईच्या हातात दिली. ताईने पुन्हा नवीन रबर लावून ती बाळाच्या कानात बसवली. रेघ उभी राहिली. 'टक' पाठवलं, आणि त्या कालच्या पोराच्या कानाने असं खणखणीत उत्तर दिलं की पडदा भरून गेला. दुसऱ्या कानानेही दिलं.

दाराशी नवऱ्याने तोंडावर हात धरला.

धाकटी रेघेकडे बघत होती, मग बाळाकडे, मग ताईकडे. "घ्या," ती म्हणाली. "तुझी बडबड आली याच्यात. जन्मल्या जन्मल्या सुरू."

ताईला हसू आवरेना आणि रडूही. धाकटीने बाळाला उचलून तिच्या तोंडाजवळ धरलं, आणि एका हाताने जमेल तसं म्हणाली, "बोल ना आता. ऐकतोय तो."

आणि काय सांगू तुम्हाला, सर्किटशीसुद्धा बोलणाऱ्या त्या बाईला शब्द सापडेना. ती नुसती त्या कानाकडे बघत राहिली. इवलासा, गुलाबी, नीट उघडलेलाही नाही, आणि आत कुणाला ऐकू न येणारा एक सूर, तिच्यासारखाच.

शेवटी ती खाली वाकली. "मी मावशी," ती बाळाच्या कानात म्हणाली. आणि मग, त्याला दिसत नसतानाही, तेच हातांनी सांगितलं.